आरशातल्या बाई

हॅरियटबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्यावर ओरडायलाच आल्या आहेत अशी माझी खात्री झाली होती. ॲडलेडमधलं आमचं मराठी मंडळ गणपतीच्या कार्यक्रमाच्या सरावासाठी एका जुन्या दगडी चर्चचा हॉल भाड्याने घेतं. आमच्यातले बरेच जण राहतात त्या मॉसन लेक्सहून जवळ पडतो, पार्किंग भरपूर, चहाची सोय चांगली. त्या दिवशी आरत्यांचा गोंधळ अगदी रंगात आला होता. झांजा, ढोलकी, आणि पेटीवर मी. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि पांढऱ्या केसांची एक उंचच उंच गोरी आजी आत आली. अंगात जाड लोकरी स्वेटर, काखेत कापडी पिशवी. आमचे सेक्रेटरी "सॉरी, सॉरी, वुई विल कीप इट डाउन" करत पुढे धावले. आजीने त्यांना हातानेच बाजूला सारलं, माझ्यासमोर येऊन मांडी घालायचा प्रयत्न केला, ती जमेना, तेव्हा पाय पसरून फतकल मारली आणि माझ्या डाव्या हाताकडे टक लावून बघत बसली.

"म्हणजे एका हाताने तू श्वास घेतेस आणि एका हाताने वाजवतेस?"

मी म्हटलं, "हो. भाता मारावा लागतो."

"अरे देवा. माझ्यासाठी श्वास घ्यायला मशीन आहे. चल, दाखवते."

आणि खरोखरच मला उठवून, आरती अर्धवट टाकायला लावून, त्या मला शेजारच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. मागून मंडळी "अगं वृषाली, चाललीस कुठे?" म्हणून ओरडत होती. मलाच कळत नव्हतं मी कुठे चालले आहे.

तो ऑर्गन मी आधी लांबून पाहिला होता. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की मला आठवतात सांगलीचे आमचे नानाकाका. ते संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. पायाने भाता मारायची ती लाकडी पायपेटी, एका खोलीत मावणारी. इथला ऑर्गन म्हणजे खोलीच होती. भिंतभर पाइप, काही माझ्या उंचीच्या दुप्पट, काही पेन्सिलीएवढे, समोर पट्ट्यांच्या दोन रांगा, खाली पायांनी वाजवायची लाकडी पट्ट्यांची आणखी एक. मी दिवसभर ऑफिसात पाण्याच्या पाइपलाइनींची डिझाइनं करते, तरी एवढे पाइप बघून मी ते मोजायलाच लागले. बाईंनी मला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "वाजव." मी उजव्या हाताने आरतीची चाल वाजवली. डावा हात आपोआप हवेत भाता मारत होता. बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

तिथून पुढे दर शनिवारी मी त्यांच्याकडे शिकायला जायला लागले. शाळेत शिकवणारीला आपण बाई म्हणतो, तशा त्या माझ्या बाई. मला त्या 'हनी' म्हणायच्या. तशा त्या सगळ्यांनाच हनी म्हणायच्या, पोस्टमनलासुद्धा.

बाई मूळच्या अमेरिकेतल्या, आयोवाच्या. तिकडे शिकायला आलेल्या एका ॲडलेडच्या मुलाशी लग्न करून इथे आल्या, इथल्या युनिव्हर्सिटीत वर्षानुवर्षं ऑर्गन शिकवला, नवरा गेला, त्या राहिल्या. यापलीकडे त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. काही विचारलं की "फिंगर्स, हनी," म्हणून पट्ट्यांवर टिचकी मारायच्या. एवढी वर्षं काढूनही ऑस्ट्रेलिया त्यांना पटलेला नव्हता. ऑक्टोबर म्हणजे पानगळ, म्हणजे स्वेटर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. बाहेर लोक शॉर्ट्स घालून हिंडत असायचे आणि बाई लोकरीत घाम पुसत म्हणायच्या, "या देशाने सगळं उलटं लावून ठेवलंय." इथल्या कॉफीला त्या दुधाचं पाणी म्हणायच्या. स्वतःची काळी कडू कॉफी थर्मासमधून आणायच्या आणि माझ्या हातची शंकरपाळी तिच्यात बुडवून खायच्या. दिवाळी नसतानाही मला शंकरपाळी तळावी लागायची. शनिवारी रिकाम्या हाताने गेले की बाई धडा कडक घ्यायच्या.

त्या कापडी पिशवीत काय असायचं, तर बूट. पातळ चामड्याच्या तळव्यांचे, काळे, मऊ. ते घालून त्या फक्त ऑर्गनवर बसायच्या. ते बूट जमिनीला लागता कामा नयेत. बाकावर बसायचं, बाहेरचे बूट काढायचे, हे चढवायचे, आणि उठायच्या आधी परत पिशवीत. एक खडा जरी तळव्यात रुतला तरी पायपट्ट्या खरवडतात, म्हणायच्या. मला हे लगेच पटलं. देवळाबाहेर चपला काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण एकदा पाद्री ग्रॅहम सहज ते बूट हातात घेऊन "कम्फी दिसतात, मेट" असं म्हणाले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी ते जणू गरम तव्यावरून उचलले होते तसे पटकन ठेवून दिले.

आणि आरसा. ऑर्गन वाजवणारा लोकांकडे पाठ करून बसतो, म्हणून समोर एक छोटा आरसा लावलेला असतो, जुन्या गाडीच्या आरशासारखा. पाद्री कधी उभे राहिले, नवरी दारात आली का, शवपेटी उचलली का, सगळं त्यातून बघायचं. बाईंनी जन्मभर माणसं आरशातच पाहिली. चर्चमधल्या लोकांची नावं त्यांना यायची नाहीत, पण कोण कुठल्या बाकावर, कोण कुठल्या ओळीला रडतं, हे पाठ. "तिसऱ्या बाकावरची निळी टोपी आज आली नाही," म्हणायच्या आणि संध्याकाळी त्या टोपीला सूप घेऊन जायच्या.

रविवारी मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं ते अजून आठवलं की कानशिलं तापतात. साधं प्रार्थनागीत, चार कडव्यांचं. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी लोक जरा रेंगाळले, म्हणून मीही रेंगाळले. आम्हा पेटीवाल्यांचं हाडच तसं. गायक थांबला की थांबायचं, गायक धावला की धावायचं. नानाकाका सांगायचे, साथ करणाऱ्याने गायकाच्या सावलीत राहावं, आणि तो कुठे घसरला तर असं सांभाळून घ्यावं की पहिल्या रांगेतल्यालाही कळू नये. तर मी लोकांसाठी थांबले. लोकांना वाटलं, ऑर्गन हळू चाललाय, तेही हळू झाले. मी आणखी हळू. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळं गाडं एखाद्या चढावर अडकल्यासारखं झालं आणि मध्येच चक्क थांबलं. मी त्यांची वाट बघतेय, ते माझी. त्या शांततेत एक लहान मूल मोठ्याने म्हणालं, "इज इट फिनिश्ड?"

बाई मागून आल्या, वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "हनी, ते तुझी वाट बघतायत. तू त्यांची बघायची नाहीस." आणि दोन बोटं पुढे झटकली. पुढे. ही त्यांची खूण. मग प्रत्येक धड्यात ती दोन बोटं. ओळीच्या शेवटी सुरावरून हात उचलायचा, लोकांना श्वास घेऊ द्यायचा, तेवढाच, आणि पुढे. त्यांनी मागे राहावं, तू राहायचं नाही. मला हे शिकायला फार त्रास झाला. मला उद्धटपणा वाटायचा तो.

एकदा मी म्हटलं, "बाई, मी हिंदू आहे. चर्चमध्ये मी वाजवलेलं लोकांना चालेल का?" त्या म्हणाल्या, "तुला बायबल कोण विचारतंय? चौथ्या ओळीला घाई करू नकोस."

बाईंनी स्वतःबद्दल एकच गोष्ट मला सांगितली. ती सांगताना त्यांनी कॉफीही प्यायली नाही. आयोवातल्या त्यांच्या छोट्या गावात मिस्टर ॲबट नावाचे त्यांचे गुरुजी होते. म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं. सगळ्या गावाला कळलं, त्यांना नाही. कोणी सांगितलंच नाही. लोक मुद्दाम मोठ्याने गायचे, त्यांच्या चुकलेल्या लयीला धरून राहायचे. बाई तेव्हा त्यांच्या शिष्या, शेजारी बसून स्टॉपच्या, म्हणजे कुठले पाइप वाजायचे ते ठरवणाऱ्या, खुंट्या ओढायच्या. गुरुजींनी नको ती खुंटी ओढली की बाई हळूच ती आत ढकलायच्या. असं बरेच दिवस चाललं. मग एका लहान मुलाचा अंत्यविधी होता. पाद्री बोलायला उभे राहिले आणि गुरुजी वाजवतच राहिले. आरशात बघायचं राहून गेलं, आणि कानाला तर काही कळतच नव्हतं. एक कडवं, मग आणखी एक. त्या मुलाची आई उभी राहून मागे, ऑर्गनकडे वळली. शेवटी गुरुजींनी वळून पाहिलं. "त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं," बाई म्हणाल्या, "आणि एका क्षणात त्यांना कळलं की आम्हाला केव्हापासून माहीत होतं. ते माझ्याशी परत कधी बोलले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी."

मग माझं मनगट धरून त्या म्हणाल्या, "माझ्यावर ती वेळ आली तर तू मला सांगायचंस. पाद्रीला नाही, कमिटीला नाही. मला. आणि लगेच. प्रॉमिस कर."

मी प्रॉमिस केलं. असली वचनं आपण देतो तेव्हा ती कधी वटवावी लागतील असं मनातसुद्धा नसतं. मी तर "काहीतरीच काय बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत" असंही म्हणाले. आणि ते तेव्हा खरंच होतं. हॉलमध्ये आमचा चहाच्या पाण्याचा अर्न उकळू लागला की तो कुठल्या सुरात शिटी मारतो हे त्या भिंतीपलीकडून सांगायच्या.

इस्टरनंतरच्या एका शनिवारी धडा संपला. बाई पट्ट्यांवरून हात काढून कॉफी ओतत होत्या, पाइपांत हवा भरणारी मोटर चालूच होती. आणि वर कुठेतरी एक पाइप वाजत राहिला. पेन्सिलीएवढ्या पाइपांपैकी एक, बारीक, टोकदार, शिटीसारखा. झडप अडकली की असं होतं, सूर आपोआप वाजत राहतो. बाईंना याचा भयंकर तिटकारा. एरवी असं झालं की त्या अर्धा घोट टाकून उठायच्या आणि त्या पाइपाला अमेरिकन शिव्या द्यायच्या. मी वाट बघितली. बाई शंकरपाळी बुडवून खात होत्या आणि माझ्या मुलीच्या, ईशाच्या, परीक्षेची चौकशी करत होत्या. शिटी चालू होती. माझ्या दातांत शिरत होती. बाई म्हणाल्या, "किती छान शांत वाटतंय ना इथे दुपारी?"

मी म्हटलं, "हो, बाई."

मग मला मागचंही सगळं दिसायला लागलं. गेले काही रविवार ऑर्गन किंचाळत होता. बाई त्या उंच सुरांच्या खुंट्या ओढतच सुटल्या होत्या, कारण त्यांना ते सूर पोहोचतच नव्हते. लोक कानावर हात ठेवून हसून घ्यायचे. पाद्री ग्रॅहम म्हणाले होते, "हॅरियट इज इन अ बिग मूड टुडे." ओळीच्या शेवटी लोकांचा श्वास संपायच्या आत त्या पुढे जायला लागल्या होत्या, कारण लोक कुठे आहेत हे त्यांना ऐकू येत नव्हतं.

आणि मी काय केलं? सांभाळून घेतलं. पहिल्या बाकावर बसून मी मोठ्याने गायला लागले, बाईंच्या लयीला धरून, म्हणजे मागचे लोक माझ्यामागे येतील. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी त्यांची पाठ वळली की एखादी खुंटी हळूच आत ढकलायचे. मिस्टर ॲबटची गोष्ट ऐकून, हळहळून, पुन्हा हुबेहूब तेच. माझ्या रक्तातच आहे ते. मोठ्या माणसाला तोंडावर 'तुम्हाला जमत नाही' म्हणायचं? आमच्या घरात नानाकाकांची बोटं थरथरायला लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून नाटकाची तारीखच पुढे ढकलली होती.

मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, "अगं, सांगून टाक ना. त्यांनीच मागितलंय."

"तुला काय जातंय सांगायला."

ईशाने फोनमधून मान वर न करता म्हटलं, "आई, शी लिटरली आस्क्ड यू टू."

खरं होतं. पण मला झोप लागू देत नव्हतं ते वेगळंच. मला तो ऑर्गन हवा होता. रिकाम्या चर्चमध्ये तो मोठा सूर छातीत घुमला की मला जे व्हायचं ते मला दुसऱ्या कशानेच होत नव्हतं, ना नोकरीने, ना घराने. बाईंना सांगितलं तर त्या उठणार, आणि त्या उठल्या तर बाकावर कोण बसणार, हे मला ठाऊक होतं. मग मी सांगणार ती वचनाखातर की बाकाखातर? मी स्वतःला हे खूप वेळा विचारलं. उत्तर कधी स्वच्छ आलं नाही, अजूनही येत नाही.

शेवटी पाद्री ग्रॅहमनी सांगितलं की शनिवारी एका तरुण मुलाचा अंत्यविधी आहे. आदल्या दिवशी ऑफिसातून दुपारीच निघाले आणि चर्चमध्ये गेले. बाई सरावच करत होत्या. मी बाजूला उभी राहिले. त्यांचं वाजवून झालं, आणि मी म्हटलं, "बाई, तुम्ही मला प्रॉमिस करायला लावलं होतं."

त्यांनी हात पट्ट्यांवरच ठेवले. मग विचारलं, "उंच सूर?"

"हो."

"लोक?"

"तेही. तुम्हाला त्यांचं गाणं पोहोचत नाही, बाई."

"केव्हापासून?"

मी खरं सांगितलं, "इस्टरपासून मला माहीत आहे."

मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "थँक यू, हनी," बँकेतल्या बाईला म्हणावं तशा आवाजात. मोटर बंद केली. आरसा नीट केला, तो वाकडा नव्हता तरी. म्हणाल्या, "उद्या तू वाजव. ग्रॅहमला मी सांगते." मग पिशवी काखेला मारली आणि बाहेर पडल्या.

मी दारापर्यंत गेले. त्या पार्किंगमधल्या खडीवरून आपल्या गाडीकडे चालल्या होत्या, आणि त्यांच्या पायांत ते बूट होते. ते काळे, मऊ, ऑर्गनचे. बाहेरचे बूट बाकाखालीच राहिले होते. त्या तळव्यांखाली खडी करकरताना मला ऐकू येत होतं. मला हाक मारायची होती. काय म्हणून मारणार? मी दारात उभी राहिले, गाडी वळून गेली तरी.

दुसऱ्या दिवशी मी वाजवलं. बाई आल्या नाहीत. पाद्री बोलायला उभे राहिलेले मला आरशात दिसले आणि मी वेळेवर थांबले. त्या मुलाच्या आईला मध्येच उभं राहावं लागलं नाही. म्हणजे मी केलं ते बरोबरच केलं, हे मला कळतं. कळून काय उपयोग? मंडळात सगळ्यांनी अभिनंदन केलं, "वा, वृषाली, चर्चची ऑर्गनिस्ट! फोटो टाक ना ग्रुपवर." मी फोटो टाकला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "किती विनम्र आहेस गं." मला त्यांना हाणावंसं वाटलं.

बाईंकडे मी दोनदा शंकरपाळी घेऊन गेले. त्यांनी छान हसून डबा घेतला, आत बोलावलं नाही. मग कळलं की त्या आयोवाला चालल्या आहेत, भाचीकडे, कायमच्या. आता फोनवर त्यांना ऐकू येत नाही, आणि त्या मेसेजला उत्तर देणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणून जाण्याआधी ज्या रविवारी त्या एकदा चर्चमध्ये आल्या, तीच आमची शेवटची भेट.

मला त्या येणार हे माहीत नव्हतं. गीत सुरू केलं आणि आरशात पाहिलं, तर त्या दिसल्या. प्रार्थनेच्या वेळी त्यांना मी कधी समोरून पाहिलंच नव्हतं. पाचव्या बाकाच्या कडेला, स्वेटर घालून. त्या आरशातून नेमकी कुठली जागा दिसते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिथेच बसल्या होत्या. आणि गात होत्या. मान वर करून, मोठ्याने, घोगऱ्या आवाजात. ऑर्गन त्यांना अर्धामुर्धाच पोहोचत असावा, कारण त्या मागे पडत होत्या. आधी थोड्या, मग चांगल्याच. बाकीचे ओळ संपवून श्वास घ्यायचे तेव्हा बाईंचे दोन शब्द उरलेले असायचे. पुढच्या बाकावरच्या एकाने मागे वळून पाहिलं.

शेवटच्या आधीच्या ओळीच्या शेवटी माझा हात सुरावरून उचलेना. एवढंसं थांबायचं होतं मला. एवढंसं रेंगाळले असते तर त्या येऊन मिळाल्या असत्या आणि कोणाला कळलंही नसतं. मी आरशात पाहिलं. बाई सरळ माझ्याकडेच बघत होत्या. गाणं न थांबवता त्यांनी मांडीवरचा हात उचलला आणि दोन बोटं पुढे झटकली.

नानाकाका असते तर थांबले असते. मी हात उचलला, लोकांना श्वास घेऊ दिला आणि शेवटची ओळ सुरू केली. सगळं चर्च माझ्याबरोबर आलं. त्यांचे दोन शब्द मागे राहिले, ते मी ऐकले, आणि वाजवत राहिले.